बाबा, गाडी काढा

बिबवेवाडी, पुणे
बुधवार, दुपार

प्रिय दत्तू,

दोन वर्षांपूर्वी तू मला तुमच्या बँडच्या ‘तिसरा मजला’ या अल्बमची लिंक पाठवलीस आणि खाली लिहिलंस, “ताई, ऐक आणि खरं सांग. बाकीचे सगळे गोड बोलतायत.” मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा. त्यानंतर तुझ्या वाढदिवसाला मी केकचं चित्र पाठवलं, माझ्या वाढदिवसाला तू फुग्यांचं, आणि आपल्यात तेवढंच उरलं. तुझा फोन हल्ली ते मॅनेजर राजस उचलतात. फार अदबीने बोलतात. “सर साउंडचेकमध्ये आहेत, मी निरोप देतो,” म्हणतात. माझ्याकडे होतं ते निरोपाने देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज कागद घेतला. फोनवर लिहायला बसले की तीन ओळी लिहिते आणि पुसून टाकते. कागदावरचं पुसायचं तर फाडावा लागतो, आणि तेवढं बळ आज माझ्यात नाही. रजा टाकलीये. बाबा खाली बाकावर जाऊन बसलेत. भांडी तशीच पडलीयेत. पडू देत.

तर तुझा अल्बम. खरं सांग म्हणाला होतास, तर सांगते. मी तो किती वेळा ऐकला याची गणती नाही, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तरी माझी मर्जी कुणी विचारली नव्हती. बुधवार पेठेत आमच्या श्रवणयंत्रांच्या केंद्रासमोर स्पीकरचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की तो माणूस तुमचं ‘स्वारगेट’ लावतो, कारण त्यात सुरुवातीलाच बेस असा येतो की स्पीकर फाटका असेल तर तिथेच कळतं. मी इकडे आजोबांच्या कानावर हेडफोन लावून बारीक शिट्टी ऐकू येतेय का विचारत असते आणि समोरून तू ओरडत असतोस. आजोबा म्हणतात, “शिट्टी नाही, पण कुणीतरी स्वारगेट स्वारगेट करतंय.” म्हणजे प्रसिद्धी म्हणतात ती हीच असेल.

‘स्वारगेट’ मला आवडलं नाही. ते गाणं लोकांनी नाचावं म्हणून केलंय आणि लोक नाचतात, त्यामुळे माझ्या मताला अर्थ नाही. ‘नेटवर्क’ तर सरळ भरतीचं आहे. पंधरा सेकंदांचा तुकडा मोबाइलवर फिरावा म्हणून उरलेली तीन मिनिटं त्याच्यामागे बांधलीत. ‘तुझं आडनाव’ प्रेमगीत म्हणून ठीक, पण त्यातला मुलगा मला ओळखीचा वाटला नाही. इतका समजूतदार तू कधी होतास? ‘चांगला मुलगा’ मात्र झकास जमलंय. ते ऐकताना मी रिक्षात एकटीच हसले आणि रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. “चांगला मुलगा डबा पूर्ण खातो, चांगला मुलगा फॉर्म भरतो,” हे तू इतक्या सरळ चेहऱ्याने गातोस, की वाघोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला नाव काढून घेतलंस तेव्हाचा तुझा चेहरा समोर आला. आणि शेवटचं ‘सोमवार’, ज्यात फक्त गिटार आहे आणि वरच्या सुरावर तुझा आवाज फाटतो, ते सगळ्यांत चांगलं. तो फाटलेला आवाज तुम्ही दुरुस्त केला नाहीत याबद्दल जो कोणी जबाबदार असेल त्याला माझा नमस्कार सांग. एकंदरीत म्हणशील तर अर्धा अल्बम लोकांना आवडावा म्हणून केलाय आणि अर्धा करताना ते तुमच्या लक्षात राहिलं नाही. तो दुसरा अर्धा टिकेल.

आता ‘थाप’. त्याच्या सुरुवातीला जो ठेका आहे, त्याबद्दल तू एका मुलाखतीत म्हणालास की तो एका जुन्या रेकॉर्डिंगमधून घेतलाय. कुणाचं ते सांगितलं नाहीस. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा केंद्रात जेवायला बसले होते, डबा बंद केला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. आईची भाकरी होती ती. दोनदा जोरात, मग पाच-सहा हलक्या, मग परात फिरवल्याचा खरखराट. तू हे कधी रेकॉर्ड केलंस? ती आजारी पडायच्या आधी की नंतर? नंतर असेल तर तेव्हा तिला भाकरी थापताना उभं राहवत नव्हतं, पण तू येणार म्हटलं की ती थापायची. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. टोचायचा जमाना संपला. फक्त सांगते की ते तू जपून ठेवलंस हे मला तेव्हा माहीत असतं, तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. कदाचित नसतंही.

आता बाबांकडे येते. तू घर सोडलंस तेव्हा बाबांना टीव्ही जरा मोठा लागायचा, एवढंच तुला माहीत असेल. हडपसरच्या कारखान्यात प्रेस शॉपला अठ्ठावीस वर्षं पत्रा कापण्याच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाचे कान हळूहळू जातात, आणि घरच्यांना ते सगळ्यांत शेवटी कळतं. मी तर याच धंद्यातली. आई असेपर्यंत ती त्यांच्यासाठी ऐकायची. दारावर कोण आलंय, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, सगळं ती सांगायची. ती गेल्यावर मी त्यांची तपासणी केली, तेव्हा आलेख बघून माझाच विश्वास बसेना. खालचे जाड आवाज बऱ्यापैकी, वरचे बारीक आवाज जवळजवळ संपलेले. असल्या कानाला स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. गळलेली जागा माणूस आपल्या मनाने भरतो. मी यंत्र लावू म्हटलं तर म्हणाले, “आता मला काय ऐकायचंय?” लातूरकडची माणसं एकदा नाही म्हणाली की विषय संपला. तरी तीन महिने विनवलं, मग मीही सोडून दिलं.

तुझा अल्बम आला आणि रंगनाथकाका खालच्या मजल्यावरून स्वतःचा मोबाइल घेऊन वर आले. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी अजून तेच आहेत. तुमच्या बँडचं नाव ज्या पाटीवरून उचललंत, ती ‘गुरुवारी पाणी नाही’ची पाटी अजून त्यांच्याच अक्षरात लागते. “उत्तरेश्वरराव, चिरंजीवांनी तुमच्यावर गाणं केलंय, ऐका,” म्हणाले आणि ‘कडी’ लावलं. मी स्वयंपाकघरात होते. हातातला चमचा हातात राहिला. तू गात होतास की बेल वाजत नव्हती, मी दार ठोकत राहिलो, आत पंखा चालू होता, आत माणूस होतं. आणि मग ती ओळ, जी आता वीस-वीस हजार लोक तुझ्याबरोबर म्हणतात: “बाबा, कडी काढा.” रंगनाथकाका बाबांच्या तोंडाकडे बघत उभे होते. काय बघायचं होतं त्यांना कोण जाणे. मी बाहेर आले तर बाबा मोबाइलवर वाकून, हाताने ठेका धरून बसले होते. गाणं संपलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “नंदे, ऐकलंस का? बाबा, गाडी काढा! आपल्या स्कूटरवर गाणं केलंय पोरानं.”

तुझ्या लक्षात येतंय का? निळी स्कूटर. दर शनिवारी चार वाजता तू गिटार पाठीला लावून जिन्यात उभा राहायचास, “बाबा, गाडी काढा” म्हणून घाई करायचास, आणि ते पहिल्या पाळीहून येऊन धड चहाही न पिता तुला गुलटेकडीला क्लासला न्यायचे. परत येताना उसाचा रस. सात वर्षं नेलं त्यांनी. नंतर कॉलेज सोडलंस तेव्हा “या घरात पाऊल ठेवू नको” म्हणणारे तेच होते, हे मी विसरलेले नाही, आणि तूही विसरायला नको. पण कानातून गळलेली अक्षरं त्यांनी स्वतःच्या मनाने भरली, तेव्हा हे भरलं. रंगनाथकाका तोंड उघडणार होते. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि गेले. तेवढं मात्र त्यांनी पाळलं. बाबांना खरे शब्द त्यांनी कधी सांगितले नाहीत. त्याऐवजी गेटवर पाटी लावली: ‘दार लोटून घ्यावे. कडी काढणाऱ्याने परत लावावी.’ सगळी सोसायटी आठवडाभर हसली. बाबाही हसले, कारण सगळे हसत होते.

तेव्हापासून दोन वर्षं, दत्तू. दोन वर्षं हा माणूस बाकावर बसून पेन्शनरांना सांगतोय की मुलाने माझ्या स्कूटरवर गाणं केलंय. स्कूटर पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती, तिला नवीन सीट बसवून घेतली. चालू होत नाही, पण पुसतात. भाजीवाला “बाबा, कडी काढा” म्हणून चिडवतो, हे हात वर करून दाद घेतल्यासारखं करतात. तू त्या मुलाखतीत म्हणालास की दार उघडलं नाही त्या दुपारी तू पोरका झालास. बाबा टीव्हीसमोर बसून ती मुलाखत बघत होते. त्यांना तुझे ओठ दिसले, डोळे दिसले. मला म्हणाले, “आईची आठवण काढत असंल.” मी हो म्हटलं.

आणि एक दिवस ते म्हणाले, “मशीन लावू या का? पोराचे शब्द नीट ऐकावे वाटतात.” ज्या माणसाला मी तीन महिने विनवलं होतं, तो आपणहून मागत होता, आणि मी म्हटलं, नवीन मॉडेल येतंय, थोडं थांबू. मग म्हटलं, कानात मळ आहे, आधी तो काढू. मग डॉक्टर गावाला गेलेत. मग दिवाळीनंतर. दिवसभर मी दुसऱ्यांच्या बापांना ऐकू आणून देते. म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षांनी नातवाचा आवाज ऐकू येतो, ते रडतात, त्यांच्या सुना माझे हात धरतात. आणि संध्याकाळी बसने घरी येऊन मी माझ्या बापाला बहिरं ठेवत होते. सुरुवातीला वाटायचं की त्यांना जपतेय. पुढे पुढे ते स्वतःला सांगायचासुद्धा कंटाळा आला. नुसतं पुढे ढकलत राहिले. थकलेल्या माणसाला पुढे ढकलणं फार छान जमतं.

मग तुमचा पुण्याचा कार्यक्रम जाहीर झाला, येत्या रविवारचा, वाघोलीचा. गेल्या गुरुवारी मी सकाळी एका आजींच्या घरी कोथरूडला यंत्र बसवायला गेले होते. बाबा एकटेच बस पकडून बुधवार पेठेत आमच्या केंद्रावर आले. माझ्याबरोबर काम करणारा साईनाथ तिथे होता. बाबा त्याला म्हणाले, “मुलीला वेळ मिळत नाही. तुम्हीच बसवा. रविवारी पोराचं गाणं ऐकायला जायचंय.” साईनाथला काय माहीत? त्याने मनापासून तासभर खपून दोन्ही कानांना यंत्रं बसवली, जमवून दिली, आणि वर “काका, ऐकून बघा की कसं वाटतंय” म्हणून त्यांच्या हातात मोबाइल दिला.

मी आले तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते. गाणं संपलं होतं. समोरच्या दुकानात पुन्हा ‘स्वारगेट’ चालू होतं, ते त्यांना आता नको इतकं नीट ऐकू येत असणार. साईनाथ खुशीत मला म्हणाला, “मॅडम, काकांना एकदम क्लियर येतंय.” बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “कडी हाय ती. गाडी न्हाई.” तीस वर्षं पुण्यात राहून शहरी बोलणारा माणूस, पण आतून हलला की गावाचं बोलतो. एवढंच म्हणाले. बसमध्ये ब्रेकचा आवाज, कंडक्टरची शिट्टी, मागे दोन पोरींचं खिदळणं, सगळ्याला दचकत होते. बिबवेवाडीच्या स्टॉपला उतरल्यावर भाजीवाल्याने सवयीने हाक मारली, “बाबा, कडी काढा!” बाबा थांबले. त्याच्याकडे बघितलं. मग रोजच्यासारखा हात वर केला आणि पुढे चालायला लागले. मी त्यांच्या दोन पावलं मागे होते. बरोबरीने चालण्याची माझी हिंमत नव्हती.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि विचारलं, “कवा आलता त्यो?” मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात. दुपारी दोनच्या सुमाराला. ते आठवत राहिले. म्हणाले, “मी कुठं होतो?” मी म्हटलं, आतल्या खोलीत, झोपला होतात. “मला ऐकू आलं न्हाई.” मी म्हटलं, नाही आलं. आणि मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो तू या तीन वर्षांत मला एकदाही विचारला नाहीस, कारण तुला तो सुचलाच नाही. मी त्यांना उत्तर दिलं. ते उत्तर लिहायला मला अजून थोडा वेळ दे. भांडी घासून येते.

आले. आता लिहिते. “तू कुठं होतीस?” असं त्यांनी विचारलं होतं. त्या दुपारी मी घरात होते, दत्तू. तुला वाटलं मी केंद्रावर असेन, कारण मी नेहमी केंद्रावरच असते. पण मी अर्धी रजा टाकून आईचे हॉस्पिटलचे कागद आणि साड्या आवरायला आले होते. आवरून झालं, पहिल्यांदाच जरा लवंडले, आणि तू ठोकलंस. मी उठून दारापाशी आले. भोकातून बघितलं. तुझा खांदा दिसला आणि गिटारची पिशवी. तू “बाबा” म्हणालास. मी कडीला हात लावला आणि तसाच ठेवला. राग नव्हता रे. राग असता तर दार उघडून भांडले असते. आठ महिने मी आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेलं होतं, तू दोनदा आला होतास, आणि ती गेल्यावर चौथ्या दिवशी तुझा कार्यक्रम होता म्हणून गेलास, हे सगळं होतं, पण त्या क्षणी त्यातलं काहीसुद्धा मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की आता दार उघडलं तर पाणी द्यावं लागेल, चहा टाकावा लागेल, तू रडशील, तुला जवळ घ्यावं लागेल, बाबांना उठवावं लागेल, तुमच्या दोघांच्या मधे बसावं लागेल. मला आणखी एका माणसाचं काही करायचं नव्हतं. म्हटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांनी उघडेन. तू जवळजवळ तासभर होतास. खाली रंगनाथकाका “आहेत की उत्तरेश्वरराव घरात” म्हणाले तेही मी ऐकलं. तू जिना उतरलास तेव्हा तुझी पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. माझे कान चांगले आहेत. संध्याकाळी फोन करीन म्हटलं, मग उद्या म्हटलं, आणि मग गाणं आलं. बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली आणि म्हणाले, “त्याला सांगू नको. माझ्यावर चिडलाय, चिडू दे. मी किती दिवसाचा? माझ्यामागं त्याला तूच राहणार. तुझ्यावर चिडला तर कुणाकडं जाईल?” त्यांचं ठरलंय. रविवारी ते येणार, नवीन शर्ट घातलेला असेल, पुढे बसणार, हजारो माणसं त्यांना कडी काढा म्हणतील ते आता अक्षर न् अक्षर ऐकणार, आणि टाळ्या वाजवणार. सकाळी मला म्हणाले, “गाणं चांगलं केलंय पण. शेवटी थोडं लांबवलंय.” मला ते बघवणार नाही, दत्तू. म्हणून त्यांचं न ऐकता हे लिहिलं, आणि रविवारच्या आत मिळावं म्हणून उद्याच कुरियरने पाठवतेय. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तुला चिडायचं असेल तर चिड, माझ्याकडे तुझा राग ठेवायला जागा आहे. गाणं गा किंवा गाऊ नकोस, ते तुझं आहे आणि ते चांगलं आहे. फक्त गाताना दाराच्या आत कोण उभं होतं ते तुला माहीत असू दे.

तुझीच, तू काहीही ठरवलंस तरी,
ताई